ज्या किकला गुण नाहीत



'पंटर' म्हटलं की आपल्याकडे कुणातरी भाईच्या मागेपुढे करणारा माणूस डोळ्यासमोर येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र पंटर ही संघातली एक जागा आहे, आपल्या क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक असतो तशी. आज लिहायचंय ते अशाच एका पंटरविषयी. त्यांचं नाव रे गाय. (आडनाव ऐकून मुलं हसतील, पण उच्चार तसाच आहे!) त्यांच्या कारकिर्दीची गोष्ट मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते. एखाद्याचं काम वर्षानुवर्षं समोर असूनही लोकांना का दिसत नाही, हे या गोष्टीतून नीट कळतं.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण शाळेत खेळतो तो फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. मैदान 100 यार्डांचं, आणि एक यार्ड म्हणजे तीन फूट. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्न मिळतात. त्या चार प्रयत्नांत किमान 10 यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा नवे चार प्रयत्न. असं करत करत पलीकडच्या टोकाला पोचलं की गुण मिळतात.

आता समजा, तीन प्रयत्न झाले आणि 10 यार्ड काही पूर्ण झाले नाहीत. चौथाही फसला तर चेंडू आहे त्याच जागी प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जातो. ती जागा आपल्या टोकाजवळ असेल तर समोरच्याला गुण मिळवणं अगदीच सोपं. म्हणून बहुतेक वेळा चौथ्या प्रयत्नाला पंटरला बोलावतात. रांगेतला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो. पंटर साधारण 15 यार्ड मागे उभा असतो. त्याने तो झेलायचा, हातातून सोडायचा आणि जमिनीला टेकायच्या आत लांब लाथाडायचा. समोरून प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असतात, त्यामुळे हे सगळं दोन-सव्वादोन सेकंदांत उरकावं लागतं. चेंडू जातो प्रतिस्पर्ध्याकडेच, पण निदान लांब जातो.

थोडक्यात, पंटर मैदानात येतो तेव्हा त्याच्या संघाचं काहीतरी आधीच फसलेलं असतं. त्याने कितीही सुंदर किक मारली तरी गुणफलक हलत नाही. चुकला तर मात्र अख्ख्या स्टेडियमला दिसतं.

पहिल्या फेरीत निवडलेला पंटर

रे गाय यांचा जन्म 22 डिसेंबर 1949 चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. सदर्न मिसिसिपी विद्यापीठाकडून ते खेळले. तिथे 1972 च्या हंगामात त्यांनी एक पंट तब्बल 93 यार्डांचा मारला. पण ते फक्त पंटर नव्हते. त्याच हंगामात बचावफळीत खेळताना प्रतिस्पर्ध्यांनी फेकलेले आठ चेंडू त्यांनी मधेच झेलून हिसकावले. खांबांच्या मधून मारायची, म्हणजे गुण मिळवून देणारी किकही त्यांनी 61 यार्डांवरून मारली. बेसबॉलमध्ये ते चांगले पिचर होते आणि व्यावसायिक बेसबॉल संघांचाही त्यांच्यावर डोळा होता.

अमेरिकेत दरवर्षी व्यावसायिक संघ आळीपाळीने कॉलेजच्या खेळाडूंमधून निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. ज्यांच्या भोवती पुढची दहा वर्षं संघ उभा करायचा, असे खेळाडू पहिल्या फेरीत घ्यायची रीत. 1973 मध्ये ओकलंड रेडर्स या संघाने पहिल्या फेरीत, 23 व्या क्रमांकावर रे गाय यांना घेतलं. निव्वळ पंटर म्हणून पहिल्या फेरीत निवड होण्याची ती पहिलीच वेळ. संघाचे सर्वेसर्वा अल डेव्हिस आणि प्रशिक्षक जॉन मॅडन यांना जे दिसलं होतं, ते बाकीच्यांना दिसायला बराच काळ गेला.

रे 1973 ते 1986 असे 14 हंगाम एकाच संघाकडून खेळले. 207 सामने, एकही न चुकवता. 1,049 पंट. त्यातले प्रतिस्पर्ध्यांना अडवता आले फक्त तीन! लीगमधल्या निवडक खेळाडूंचा 'प्रो बोल' नावाचा सामना होतो, त्यासाठी सात वेळा निवड. आणि संघाबरोबर तीन वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचं अजिंक्यपद.

त्यांची किक इतकी उंच जायची की 1976 च्या प्रो बोलमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये चेंडू वर टांगलेल्या पडद्यावर जाऊन आदळला. ह्यूस्टनच्या संघाला तर शंका आली की चेंडूत हेलियम भरलाय! (विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. हवेऐवजी हेलियम भरला तरी चेंडूच्या वजनात काही ग्रॅमचाच फरक पडतो. करामत चेंडूची नव्हती, पायाची होती.)

42 मोठे की 50?

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. पंटर चांगला की वाईट, हे कसं ठरवायचं? सगळ्यात सोपं माप म्हणजे किक सरासरी किती यार्ड गेली. रे यांची सरासरी 42.4 यार्ड. तीन हंगामांत ती लीगमध्ये सर्वांत जास्त होती. पण पूर्ण कारकिर्दीची सरासरी पाहिली तर त्यांच्याहून मोठे आकडे असलेले बरेच पंटर सापडतात. सॅमी बॉ या जुन्या खेळाडूची सरासरी 45 यार्डांच्या वर होती. मग रे गाय यांचं एवढं कौतुक कशाला, असं म्हणणारे होते आणि आजही आहेत.

चला, फळ्यावर मांडून बघू. चेंडू मैदानाच्या बरोबर मध्यावर आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची शेवटची रेषा 50 यार्डांवर. पहिला पंटर जोरात किक मारतो आणि चेंडू रेषेपलीकडे जातो. नियम असा की मग प्रतिस्पर्ध्याला चेंडू 20 यार्डांच्या रेषेवर मिळतो. पंटरच्या नावावर लागतात 50 यार्ड, पण संघाच्या पदरात पडतात 30. दुसरा पंटर जोर आवरतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या 8 यार्डांच्या रेषेजवळ मैदानाबाहेर जातो. त्याच्या नावावर लागतात 42 यार्ड, आणि संघाला मिळतात पूर्ण 42. आता सांगा, कोणाची किक चांगली? सरासरी सांगते पहिल्याची. सामना सांगतो दुसऱ्याची.

दुसरी गोष्ट चेंडू हवेत राहण्याच्या वेळेची. इंग्रजीत याला 'हँग टाइम' म्हणतात. पंट झेलून प्रतिस्पर्धी उलटा धावत सुटतो, त्याला थांबवायला आपले खेळाडू तिथे वेळेत पोचायला हवेत. या लीगमधले चपळ खेळाडू 40 यार्ड साधारण साडेचार ते पाच सेकंदांत पळतात. म्हणजे 40 यार्डांवर पडणारा चेंडू तेवढा वेळ हवेत राहिला तर आपली माणसं चेंडूबरोबरच पोचतात आणि झेलणाऱ्याला हलताही येत नाही. किक लांब पण सपाट गेली तर तोच खेळाडू मोकळ्या मैदानातून पळत येतो. रे गाय यांचं खरं वैशिष्ट्य हे होतं. त्यांच्यामुळेच 'हँग टाइम' हा शब्द प्रेक्षकांच्या तोंडी रुळला, असं मानलं जातं.

प्रतिस्पर्ध्याच्या 20 यार्डांच्या आत किती पंट टाकले, हे पंटरच्या कौशल्याचं चांगलं माप. पण रे यांच्या पहिल्या तीन हंगामांत लीग ही नोंदच ठेवत नव्हती! नोंद सुरू झाल्यावर त्यांच्या नावावर असे दोनशेहून अधिक पंट लागले. आधीच्या तीन वर्षांतले गेले ते गेलेच. काम झालं होतं, पण वहीत रकाना नव्हता.

दोन अंतिम सामने

हे काम दिसत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते दोन सामन्यांतून सांगते.

जानेवारी 1977, अकरावा सुपर बोल, समोर मिनेसोटा. रे यांचा चौथा हंगाम, तोवर व्यावसायिक सामन्यात त्यांचा एकही पंट कोणी अडवला नव्हता. नेमका त्या दिवशी, इतक्या मोठ्या सामन्यात पहिल्यांदा अडवला गेला. मिनेसोटाला चेंडू रेडर्सच्या टोकापासून अवघ्या 3 यार्डांवर मिळाला. पुढे मिनेसोटाच्याच खेळाडूच्या हातून चेंडू निसटला म्हणून निभावलं. रेडर्स 32-14 असे जिंकले. पंटरच्या एका चुकीने काय होऊ शकतं, ते त्या मिनिटभरात सगळ्यांनी पाहिलं.

जानेवारी 1984, अठरावा सुपर बोल, समोर वॉशिंग्टन. एका पंटच्या वेळी मागे फेकलेला चेंडू रे यांच्या डोक्यावरून निघाला होता. त्यांनी उंच उडी मारून तो एका हाताने झेलला, खाली येऊन तोल सावरला आणि किक मारली. चेंडू मागे गेला असता तर वॉशिंग्टनला गुणांची आयती संधी होती. गंमत बघा, त्याच सामन्यात रेडर्सचे पहिले गुण आले ते वॉशिंग्टनच्या पंटरची किक अडवून! ते गुण गुणफलकावर लागले. सामन्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. रे यांनी उडी मारून जे गुण वाचवले, ते लावायला गुणफलकावर जागाच नव्हती. रेडर्स 38-9 असे जिंकले.

बावीस वर्षं दारात

ओहायो राज्यात कँटन नावाचं गाव आहे. तिथे 1963 मध्ये व्यावसायिक फुटबॉलचं सन्मान-दालन, 'हॉल ऑफ फेम', सुरू झालं. खेळातला हा सर्वांत मोठा मान. बहुतेक पत्रकार असलेली एक समिती निवड करते. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडू पात्र होतो, म्हणजे रे 1992 मध्ये पात्र झाले. अंतिम यादीत त्यांचं नाव अनेकदा आलं आणि दर वेळी मागे पडलं.

या काळात आणखी काय घडलं ते पाहा. 1994 मध्ये लीगच्या 75 व्या हंगामानिमित्त सार्वकालिक संघ जाहीर झाला. त्यात पंटर म्हणून निवड झाली रे गाय यांचीच. 2000 पासून कॉलेजमधल्या सर्वोत्तम पंटरला दरवर्षी 'रे गाय पुरस्कार' मिळू लागला. म्हणजे आजवरचा सर्वोत्तम पंटर हाच, हे मान्य. पुरस्कारालाही त्याचंच नाव. पण दालनात जागा नाही! कारण प्रश्न रे गाय यांच्या दर्जाचा नव्हताच. पंटरचं काम मुळात एवढ्या मोठ्या मानाचं आहे का, हा प्रश्न होता.

समितीची बाजूही समजून घ्यायला हवी. पंटर एका सामन्यात सरासरी पाच वेळा मैदानात येतो. समोर असतात सामन्यातला निम्मा वेळ धडका खाणारे, शेकडो गुण मिळवून देणारे खेळाडू. जागा मोजक्या. पाच किकवाल्याला आत घ्यायचं आणि त्यांच्यातल्या एकाला बाहेर ठेवायचं, हे सोपं नाही. गुण मिळवून देणाऱ्या किकरलासुद्धा 1991 पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी यान स्टेनेरूड हे पहिले निव्वळ किकर आत गेले. पंटरला तर तोही आधार नाही.

तरीही मला समितीचं म्हणणं पटत नाही. किती वेळा मैदानात आला यावर काम मोजायचं, तर ज्याचं काम फक्त अडचणीच्या वेळी असतं तो कायम मागेच राहणार. अग्निशमन दलाच्या जवानाचं काम आपण तासांवर मोजतो का?

अखेर 2 ऑगस्ट 2014 रोजी, वयाच्या 64 व्या वर्षी, रे गाय यांना दालनात प्रवेश मिळाला. निव्वळ पंटर म्हणून ते पहिलेच. दालन सुरू होऊन तोवर 51 वर्षं झाली होती. मधल्या काळात, 2011 मध्ये, आर्थिक अडचणीमुळे अजिंक्यपदाच्या तीनही अंगठ्या त्यांना लिलावात विकाव्या लागल्या होत्या. दालनात गेले असते तर अडचण टळली असती, असं मी म्हणत नाही. पण मान उशिरा मिळाला तर माणसाची मधली वर्षं कशी जातात, याचा विचार आपण फारसा करत नाही, एवढंच. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या वहीतले रकाने

आता यातून आपण, शिक्षकांनी आणि पालकांनी, काय घ्यायचं? "प्रत्येक काम सारखंच महत्त्वाचं असतं" हे वाक्य परिपाठात छान वाटतं, पण मला ते सांगायचं नाही. तीन वेगळे मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा आपल्या नोंदींचा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींचे रकाने आहेत: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. म्हणजे आपल्याकडे रकाना आहे! रे गाय यांच्या पहिल्या तीन हंगामांत तर तोही नव्हता. पण सत्राच्या शेवटी त्या रकान्यात काय भरलं जातं? मोबाईलवर फिरणाऱ्या तयार नोंदींच्या पीडीएफमधली वाक्यं. "दिलेला अभ्यास वेळेवर पूर्ण करतो." "वर्गात नियमित उपस्थित असते." चाळीस मुलं आणि आठ-दहा वाक्यं, आलटून पालटून. कामाचा बोजा किती आहे हे मला माहीत आहे, मीही तोच उचलते. पण असा भरलेला रकाना आणि नसलेला रकाना यांत फरक तो काय? गटकार्यात दोघांचं भांडण पेटायच्या आत मिटवणारी मुलगी प्रत्येक वर्गात असते. नवीन आलेल्या, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला खुणेने पान उघडून दाखवणारा कोणीतरी असतो. त्यांच्यामुळे जे बिघडलं नाही, ते कुठल्याच चाचणीत उतरत नाही. ते उतरवायची जागा आहे ती ही एकच.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. अशी 'मागची' कामं आपण कोणाला देतो? स्नेहसंमेलनात नाटकातली भूमिका हुशार मुलांना, पडदा ओढायचं काम "त्याला कुठे जमतंय" अशा मुलाला. मग वरून म्हणायचं की पडद्याचं कामही महत्त्वाचंच आहे बरं का! मुलं भोळी नसतात, त्यांना कळतं. रे गाय हे दुसरं काही जमत नाही म्हणून पंटर झाले नव्हते. बचाव, गुणांची किक, बेसबॉल, सगळं येणाऱ्या खेळाडूला त्या जागेवर नेमलं गेलं, तेही पहिल्या फेरीत. मागचं काम खरंच मोलाचं वाटत असेल तर ते कधीतरी वर्गातल्या सर्वांत चुणचुणीत मुलाला द्या आणि पडदा ओढणाऱ्याला एक संवाद द्या. दोघांनाही काहीतरी नवीन कळेल.

तिसरा मुद्दा पालकांसाठी. "किती मिळाले?" हा प्रश्न चुकीचा नाही, सरासरीही चुकीची नसते. 42.4 हा आकडा खराच आहे. पण 50 यार्डांची किक 42 यार्डांच्या किकपेक्षा वाईट असू शकते, हे आपण वर आकडे मांडून पाहिलं. पत्रक हातात आल्यावर गुणांबरोबर आणखी एक प्रश्न विचारून बघा: "या महिन्यात तुझ्यामुळे कोणाचं काम सोपं झालं?" पहिल्यांदा मूल गोंधळेल. दोन-तीन वेळा विचारलंत की उत्तर तयार ठेवेल. आणि उत्तर तयार ठेवायचं म्हणून कदाचित तसं वागेलही.

शेवटी शिक्षकांसाठी एक. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांना भेटून, समजावून, मुलाला आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायला लावणारे शिक्षक आपल्या राज्यात पुष्कळ आहेत. मूल शाळेतून गळलं तर त्याची नोंद होते, चौकशी होते. गळलं नाही तर पट जसा होता तसाच दिसतो आणि त्यामागचे चार हेलपाटे कुठेच लिहिले जात नाहीत. ते कोणीतरी आपणहून लिहायला हवेत. निदान शिक्षण परिषदेत, केंद्रप्रमुखांसमोर, दुसऱ्या शिक्षकाचं असं एक काम नाव घेऊन सांगायला काय हरकत आहे? रे गाय यांच्या बाजूनेही वर्षानुवर्षं कोणीतरी असंच बोलत राहिलं, म्हणून 2014 उजाडलं.

या सत्राच्या नोंदी भरताना वर्गातल्या निदान पाच मुलांसाठी तयार वाक्य न वापरता स्वतः पाहिलेलं एक वाक्य लिहून बघा. जमलं तर त्यातलं एखादं, मुलाचं नाव न देता, खाली नक्की कळवा. इतरांनाही कल्पना येईल की अशा नोंदी कशा लिहायच्या.